मोटारीच्या चाकांचा कल

मोटारगाडीचें चाक जमिनीवर अगदीं ओळंब्यांत उभें असतें, असा बहुतेकांचा समज असतो. उभ्या गाडीच्या समोर चार-सहा हातांवर बसून पुढच्या चाकांकडे नीट पाहिलें, तर हा समज पुरता खरा नाहीं असें दिसून येईल. कित्येक गाड्यांत चाकाचा माथा किंचित् आंत, म्हणजे गाडीच्या अंगाकडे, झुकलेला असतो. कांहींत तो किंचित् बाहेर असतो. या झुकण्याला कारागीर ‘कॅम्बर’ म्हणतात. मराठींत त्यास चाकाचा कल म्हणावयास हरकत नाहीं. माथा आंत असेल तर तो ऋण कल आणि बाहेर असेल तर धन कल. तो अंशांत मोजतात. सुमारें ६० सेंटिमीटर उंचीच्या चाकाला एक अंश कल असला, तर त्याचा माथा तळापेक्षां सुमारें १० मिलिमीटर सरकलेला असतो. डोळ्याला जेमतेम कळणारें हें अंतर. परंतु टायरचें आयुष्य, गाडीची वळणावरील पकड आणि आंत बसलेल्या मंडळींची सुरक्षितता यांचा त्याच्याशीं निकट संबंध आहे.

गाडीच्या मूळच्या स्प्रिंगा व शॉक अ‍ॅब्सॉर्बर काढून बाजारांत मिळणारे निराळे बसविण्याची हौस पुष्कळांना असते. कोणी गाडी ऐटदार दिसावी व वळणावर चिकटून चालावी म्हणून ती खालीं आणतो. कोणी खड्डे आणि गतिरोधक यांना कंटाळून ती वर उचलतो. दोघांच्याही ध्यानांत बहुधा एक गोष्ट येत नाहीं. गाडीची उंची बदलली कीं चाकांचा कलही न सांगतां बदलतो. तो कां बदलतो, आणि बदलल्यावर पुनः योग्य जागीं कसा आणावा, एवढाच या भाषणाचा विषय आहे.

चाकाला मुद्दाम कल देण्याची चाल मोटारीहून जुनी आहे. युरोपांतील घोड्यांच्या गाड्यांचीं लांकडी चाकें सपाट नसून बशीसारखीं खोलगट असत. घोड्याच्या चालीबरोबर गाडीला आडवे हेलकावे बसत, आणि ते सोसण्याचें बळ अशा खोलगट चाकांत अधिक असे. पण चाक खोलगट झालें कीं त्याचे आरे तिरपे होतात. म्हणून आंसाचीं टोकें थोडीं खालीं वांकवीत, म्हणजे ज्या आऱ्यावर भार पडावयाचा तो खालचा आरा सरळ उभा राही. चाकाचा माथा त्यामुळें बाहेर झुके. आरंभींच्या मोटारींनीं हा धन कल घोडागाड्यांपासूनच उचलला, आणि त्याचा एक नवा उपयोगही त्यांना सांपडला. चाक ज्या खिळीभोंवतीं वळतें, तिची रेषा आणि टायर जमिनीला टेकण्याची जागा हीं दोन्ही कलामुळें जवळ येतात, व सुकाणू फिरविण्यास हलकें जातें. यंत्राच्या साहाय्यावांचून केवळ हातांच्या बळावर गाडी वळविण्याच्या त्या काळीं ही सोय लहान नव्हती.

पुढें गाड्यांचा वेग वाढला, टायर रुंद झाले, आणि प्रश्नाचें स्वरूप पालटलें. वेगानें वळण घेतांना गाडी बाहेरच्या अंगास कलंडते. तिच्याबरोबर बाहेरचें चाकही बाहेर कलंडूं पाहतें. म्हणजे ज्या चाकावर त्या क्षणीं सर्वांत अधिक भार असतो, तेंच आपल्या बाहेरच्या कडेवर उभें राहूं लागतें, आणि टायरचा रुंद पट्टा जमिनीवरून अर्धवट सुटतो. यावर तोड अशी निघाली कीं, सरळ चालतांनाच चाकाला थोडा ऋण कल देऊन ठेवावा. वळणावर गाडी कलंडली कीं बाहेरचें चाक बरोबर सपाट टेकतें. शर्यतीच्या गाड्यांना तीन अंश किंवा त्याहूनही अधिक ऋण कल देतात तो याच कारणानें. परंतु शर्यतीची गाडी वळणांवर जगते, आणि घरची गाडी बहुतेक वेळ सरळ रस्त्यावर. सरळ रस्त्यावर तोच कल टायरची आंतली कड खाऊं लागतो, आणि ब्रेक लावतांना जमिनीला टेकलेला पट्टा अपुरा पडतो. म्हणून रोजच्या वापराच्या पुष्कळशा गाड्यांत पुढच्या चाकांचा कल शून्यापासून ऋण एक अंशापर्यंतच ठेवलेला आढळतो. 

कलाचा आणखी एक गुण स्वयंपाकघरांतील एका पेल्यावरून समजेल. तळाशीं निमुळता असलेला पेला आडवा करून फरशीवर घरंगळत सोडला, तर तो सरळ जात नाहीं. निमुळत्या टोंकाच्या बाजूस वळत गोल फिरतो. झुकलेलें चाकही आपण ज्या बाजूस झुकलें त्या बाजूस असेंच वळूं पाहतें. दोन्ही बाजूंचीं चाकें सारखीं झुकलेलीं असलीं, तर ही ओढ एकमेकींस फेडून टाकते. परंतु डाव्या व उजव्या चाकांच्या कलांत अर्ध्या अंशाहून अधिक फरक पडला, कीं गाडी एका बाजूस ओढूं लागते, आणि चालविणाराला सुकाणू सतत दुसऱ्या बाजूस धरून बसावें लागतें.

आतां उंची आणि कल यांच्या नात्याकडे वळावें. आज रस्त्यावरील बहुतेक लहान गाड्यांच्या पुढच्या चाकांना जी रचना असते, तिला अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन यंत्रज्ञाचें नांव आहे. त्यानें जनरल मोटर्समध्यें एका स्वस्त व हलक्या गाडीवर काम केलें; ती योजना १९४७ सालीं बंद पडली, आणि तो फोर्ड कंपनीकडे गेला. १९५० सालीं फोर्डच्या इंग्लंडांतील शाखेनें लोकांपुढें मांडलेल्या कॉन्सल व झेफिर या गाड्यांतून त्याच्या रचनेचा विशेष बोलबाला झाला. तिचें सूत्र अगदीं साधें आहे. स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर मिळून एक उभा खांब होतो. त्याचा माथा गाडीच्या अंगांत बसतो, व खालचें टोंक चाकाच्या सांगाड्याला दोन बोल्टांनीं आवळलेलें असतें. या सांगाड्याला खालून एक आडवा दांडा धरून ठेवतो. त्यास लोअर आर्म म्हणतात. भारतांत २००५ सालीं आलेल्या स्विफ्ट गाडीची पुढची बाजू याच घडणीची आहे.

अशा गाडीला आंखूड स्प्रिंगा बसविल्या म्हणजे काय होतें? गाडीचें अंग खालीं येतें, चाकें होतीं तेथेंच राहतात. लोअर आर्मचें बाहेरचें टोंक आंतल्या टोंकाच्या खालीं असतें; आतां तो दांडा आडवा होऊं लागतो, आणि तिरपी काठी आडवी केली असतां तिचें टोंक जसें दूर जातें, तसें त्याचें बाहेरचें टोंक बाहेर ढकललें जातें. चाकाचा तळ बाहेर गेला, माथा होता तेथेंच राहिला. म्हणजे ऋण कल वाढला. गाडी तीन सेंटिमीटर खालीं आणली असतां हा फरक अर्ध्या अंशाच्या आसपास, कांहीं गाड्यांत त्याहूनही अधिक पडतो.

यावरून जितकी गाडी खालीं तितका ऋण कल अधिक, आणि तितकी वळणावरची पकड चांगली, असा हिशेब कोणी मांडील तर तो फसेल. हा दांडा आडव्याच्याही वर चढून उभ्या खांबाशीं असलेला काटकोन ओलांडूं लागला, कीं त्याचें टोंक पुनः आंत ओढलें जातें. मग वळणावर चाक जों जों वर दाबलें जावें, तों तों त्याचा ऋण कल वाढावयाचा सोडून घटूं लागतो. शिवाय गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोंवतीं कलंडते, तो बिंदू गाडीच्या भारमध्यापेक्षां अधिक झपाट्यानें खालीं जातो. त्यामुळें तिला कलंडविणारा तरफेचा हात लांबतो. पाहणाराला जी गाडी रस्त्याला चिकटलेली दिसते, ती प्रत्यक्षांत मूळच्या गाडीहून वाईट वळूं शकते ती अशी. उलट, स्प्रिंगांत रबरी तुकडे घालून किंवा उंच स्प्रिंगा बसवून गाडी वर उचलली, तर चाकाचा माथा बाहेर झुकूं लागतो. घाटांतील वळणांवर अशा गाडीच्या टायरची बाहेरची कड आधीं झिजते.

टायर झिजण्याविषयीं बोलतांना कलाच्या एका भावंडाची ओळख करून दिली पाहिजे. कारण दोष बहुधा त्याचा असतो आणि बोल मात्र कलाला लागतो. वरून पाहिलें असतां दोन्ही चाकें एकमेकांस समांतर आहेत, कीं पुढच्या बाजूस जवळ अथवा दूर गेलीं आहेत, या मापास कारागीर ‘टो’ म्हणतात. चाकाचा कल बदलला कीं टोही बदलतो. कारण सुकाणूचा दांडा चाकाच्या सांगाड्याला एका बाजूस धरून असतो, आणि सांगाडा झुकला तरी त्या दांड्याची लांबी कांहीं बदलत नाहीं. एखादें चाक सरळ रेषेपासून केवळ पाव अंश वळलेलें राहिलें, तर एक किलोमीटर चालतांना तें चार मीटरांहून अधिक अंतर आडवें घासत जातें. म्हणजे मुंबईहून पुण्यास पोंचेपर्यंत त्या टायरनें अर्ध्या किलोमीटरहून अधिक फरफट सोसलेली असते. एक अंश ऋण कल असूनही टो बरोबर असेल तर टायर पुष्कळ दिवस टिकतो. दोन्ही बिघडले तर आंतली कड पाहतां पाहतां गुळगुळीत होते.

आणि ही आंतली कड कोणाला दिसत नाहीं, हाच यांतील खरा धोका होय. समजा, एका गृहस्थानें गाडी खालीं आणली, कल व टो तपासले नाहींत, आणि सहा महिने ती सुखानें चालविली. बाहेरून पाहिलें तर टायरच्या खांचा चांगल्या खोल दिसतात. आंत, मडगार्डाच्या अंधारांत, रबर संपून तळाची तार दिसण्याची वेळ आलेली असते. अशा टायरवर पावसाळ्यांत कुटुंबाला घेऊन घाट उतरणें म्हणजे काय, हें विस्तारानें सांगण्याची गरज नाहीं. खांच १.६ मिलिमीटरपर्यंत उरली कीं टायर बदलावा, असें दर्शविणाऱ्या खुणा टायरमध्येंच घडविलेल्या असतात. पण त्या पाहावयाच्या त्या टायरच्या सबंध रुंदीवर. सुकाणू पूर्ण वळवून, किंवा वांकून चाकाच्या मागल्या अंगानें हात फिरवून, आंतली कड महिन्यांतून एकदां तपासणें हा सर्वांत स्वस्त विमा आहे.

कलाकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडूं शकतें, याचें एक मोठें उदाहरण अमेरिकेच्या इतिहासांत आहे. शेवरोले कंपनीनें १९६० सालच्या हंगामासाठीं कॉर्व्हेअर ही मागें इंजिन असलेली गाडी काढली. तिच्या मागच्या प्रत्येक चाकाच्या आंसाला केवळ आंतल्या टोंकाशीं एक सांधा होता. त्यामुळें चाक वरखालीं झालें कीं त्याचा कल फार मोठ्या प्रमाणांत बदले. जोराच्या वळणावर गाडीचें मागलें अंग उचललें जाऊन बाहेरचें चाक पोटाखालीं दुमडण्याचा संभव असे. पुढच्या टायरांत १५ व मागच्यांत २६ पौंड हवा ठेवावी, असें कंपनीनें सांगितलें होतें. परंतु चार टायरांत दोन निराळे दाब ठेवण्याची काळजी प्रत्येक मालक थोडाच घेतो! चाकाच्या या दुमडण्यास आळा घालणारी पाट्याची आडवी स्प्रिंग बाजारांत निराळी विकत मिळे. तशीच एक स्प्रिंग कंपनीनें १९६४ च्या गाडींत स्वतः बसविली, आणि १९६५ च्या गाडींत मागची सर्व रचनाच पालटली. त्याच वर्षीं राल्फ नेडर यांच्या ‘अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड’ या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणानें या गाडीवर कडक टीका केली. पुढें १९७२ सालीं तेथील सरकारी सुरक्षा खात्यानें, ही गाडी तिच्या काळच्या इतर गाड्यांहून अधिक धोक्याची नव्हती, असा निर्वाळा दिला. वाद कोणाच्याही बाजूनें सुटो. चाकाचा कल आंवरण्यासाठीं एका मोठ्या कारखान्याला आपली रचना दोनदां बदलावी लागली, एवढें खरें.

आतां दुरुस्तीची रीत. येथें क्रमाला फार महत्त्व आहे: आधीं उंची, मग कल, आणि सर्वांत शेवटीं टो. हा क्रम उलटला तर केलेलें काम पुनः करावें लागतें. नव्या स्प्रिंगा बसविल्यावर लोअर आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर लोंबत असतांना पक्के आवळूं नयेत; चाकें जमिनीवर टेकून गाडी आपल्या उंचीवर बसली म्हणजेच आवळावे. नाहींतर रबर कायमचें पिळलेलें राहून लवकर फाटतें. नंतर गाडी शेंदोनशें किलोमीटर सावकाश चालवून स्प्रिंगा बसूं द्याव्या. मापापूर्वीं चारही टायरांत सांगितल्याइतकी हवा असावी, आणि बॉल जॉइंट, बुश व सुकाणूचे सांधे ढिले नसावेत. ढिल्या सांध्यांवर घेतलेलें माप रस्त्यावर टिकत नाहीं. गाडी बहुधा एकटाच माणूस चालवीत असेल, तर मापाच्या वेळीं त्याच्या बैठकीवर तितकें वजन ठेवणें शहाणपणाचें ठरतें.

पक्कें माप अलाइनमेंटच्या यंत्रावरच होतें. तथापि घरीं ढोबळ अंदाज घेण्यास गवंड्याचा ओळंबा पुरतो. फरशी सपाट आहे हें पाण्याच्या नळीनें पाहून घ्यावें. सुकाणू सरळ ठेवून चाकाच्या बाहेर, टायरला न टेकेल असा, ओळंबा सोडावा. दोरीपासून चाकाच्या लोखंडी कडेचें वरचें व खालचें अंतर पट्टीनें मोजावें. या दोन बिंदूंत ४० सेंटिमीटर उंची असेल, तर सात मिलिमीटरांचा फरक म्हणजे एक अंश. वरचें अंतर अधिक भरलें तर कल ऋण, खालचें अधिक भरलें तर धन.

कल दुरुस्त करण्याच्या वाटा गाडीच्या घडणीवर अवलंबून आहेत. पुष्कळशा मॅकफर्सन गाड्यांत कल बदलण्याची सोय कारखान्यानें मुळांत ठेवलेलीच नसते. तेथें खांबाच्या तळाच्या दोन बोल्टांपैकीं एक काढून त्या जागीं कॅम्बर बोल्ट घालतात. याचा मधला भाग एका बाजूस फुगीर असतो; बोल्ट फिरविला कीं सांगाडा आंत वा बाहेर ढकलला जातो, आणि एका बोल्टानें साधारणपणें एक ते दीड अंशाचा फरक पडतो. हा बोल्ट मूळच्याहून बारीक असतो. म्हणून तो नेमून दिलेल्या जोरानेंच, माप दाखविणाऱ्या पान्यानें आवळावा, नट नवा वापरावा, आणि कांहीं दिवसांनीं पुनः तपासावा. भोंक कानशीनें लांबट करून काम भागविण्याचा मोह टाळलेला बरा. या वाटेनें ऋण कल वाढविला तर टायरचा माथा खांबाच्या जवळ येतो. दोहोंमध्यें बोट सहज जाईल इतकी तरी जागा उरली आहे कीं नाहीं, हें सुकाणू दोन्हीकडे वळवून पाहावें.

दुसरी वाट म्हणजे खांबाच्या माथ्याशीं सरकती पट्टी बसविणें. तिनें माप अधिक बारकाईनें साधतें. पण रबराच्या जागीं बहुधा धातूचा सांधा येत असल्यामुळें रस्त्याचा प्रत्येक खडखडाट आंत ऐकूं येतो, आणि खांबाचाच तिरकेपणा बदलल्यानें सुकाणूच्या स्वभावांतही फरक पडतो. ज्या गाड्यांत चाकाला वर आणि खालीं असे दोन आर्म असतात, तेथें लांबी कमी-अधिक करतां येणारे आर्म मिळतात. मागच्या चाकांची गोष्ट निराळी आहे. स्विफ्टसारख्या गाड्यांत मागें दोन्ही चाकांना जोडणारी एकच तुळई असते. गाडी खालीं आणली तरी तेथें कल फारसा बदलत नाहीं, आणि बदलावयाचाच झाला तर चाकाच्या बैठकीखालीं पातळ पाचर घालावी लागते.

कल दोन्ही बाजूंस सारखा झाला, कीं मग टो कारखान्याच्या पत्रकांतील आंकड्यावर आणावा, आणि सुकाणू सरळ धरलें असतां गाडी सरळ जाते हें रस्त्यावर पाहावें. सुकाणूचा कोन मोजणारा सेन्सर असलेल्या गाड्यांत त्याचें शून्यही या वेळीं पुनः नेमून घ्यावें लागतें. घसरण आंवरणारी यंत्रणा त्याच्या सांगण्यावर चालते.

कायद्याची बाजूही विसरून चालणार नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम, निर्मात्यानें नमूद केलेल्या तपशिलाहून गाडी निराळी होईल असा फेरफार करण्यास मनाई करतें, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तिचा कडक अर्थ लावला. म्हणून सुटे भाग विकत घेण्यापूर्वींच परिवहन कार्यालयांत व विमा कंपनींत विचारपूस करून घ्यावी. अपघातानंतर उत्तरें शोधण्यापेक्षां तें पुष्कळ सोपें आहे.

सारांश, स्प्रिंग हा गाडीचा सुटा भाग असला, तरी तिच्यामुळें होणारा बदल सुटा राहत नाहीं. कारखान्यानें उंची, कल, टो आणि टायर यांचा एकमेकांशीं मेळ घालून गाडी घडविलेली असते. त्यांतील एक बदलणाऱ्यानें उरलेल्या तिघांची विचारपूस करणें हें त्याचें कर्तव्य ठरतें. नव्या स्प्रिंगांचा खर्च मांडतांना अलाइनमेंटचा, कॅम्बर बोल्टांचा आणि थोड्या धीराचा खर्च त्याच कागदावर मांडावा. तेवढा पेलत नसेल, तर गाडी कारखान्यांतून आली त्या उंचीवर राहूं द्यावी.